मानेखालची पेन्सिलीची खूण

मास्तर, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा संशय अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी रडगाणं गाण्यासाठी कागद घेऊन बसलोय असं वाटायला नको. तुमच्याशी बोलायचं तर आधी खरं काय ते बोलावं लागायचं. आडवळणानं सुरुवात केली की तुम्ही चष्मा काढून मांडीवर ठेवायचे आणि समोरचा आपोआप गप्प व्हायचा. गेल्या शुक्रवारी लोधीखेड्याहून एक बाई माझ्याकडे आली, तेव्हापासून तो मांडीवरचा चष्मा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता माझ्याकडे चार बेस गिटार आहेत, हे ऐकून तुम्ही काय म्हटलं असतं कोण जाणे. तुमच्या काळी चर्चच्या अख्ख्या मंडळीत मिळून एक होता, तोही पाळकसाहेबांच्या कपाटावर धूळ खात पडायचा. माझा एक अमेरिकन आहे, पाच तारांचा, त्याची सगळ्यात जाड तार छेडली की चर्चच्या खिडक्या हलक्याशा थरथरतात. एक जपानी, वजनानं हलका, तीन तासांच्या उपासनेतही खांदा भरून येत नाही. एक जुना, त्याच्या पॉलिशला अजून बंद कपाटाचा वास येतो. आणि चौथा एका कारागिरानं माझ्या हाताच्या मापानं घडवून दिलेला. नागपूर, अमरावती, बैतूल, जिथं जिथं मोठी संमेलनं होतात तिथं मला बोलावणं येतं, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी वाजवणारी पोरं माझ्याकडे नाही, माझ्या गिटारकडे बघतात. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू.

पण यातला एकही मी सुखासुखी घेतला नाही. विकणारा जितका गोड बोलेल तितका मी मागं सरकतो. गिटारच्या डोक्यावर लिहिलेल्या कंपनीच्या नावावर माझा काडीचा विश्वास नाही, नाव कोणीही रंगवतं. मी आधी बेस आवाजाच्या यंत्राला न जोडता, नुसत्या लाकडाला कान लावून ऐकतो. मग एक डोळा मिटून मान, म्हणजे तारांखालची लांब पट्टी, टोकापासून बघतो, गवंडी भिंत बघतो तशी. आणि शेवटी, चारही स्क्रू काढून मान उघडून दाखवा म्हणतो, कारण मान जिथं अंगात बसते त्या खोबणीत कारखान्याचा शिक्का असतो आणि तिथं सहसा कोणी लबाडी करायला जात नाही. मुंबईचा एक विकणारा म्हणाला, साहेब, असं आजवर कोणी मागितलं नाही. मी फोन ठेवून दिला. उन्हाळ्यात आपल्या पांढुर्ण्याची हवा इतकी कोरडी होते की मान वाकते, म्हणून प्रत्येक पेटीत मी ओला स्पंज ठेवतो आणि रोज उघडून बघतो. बायको म्हणते, "तुम्ही गिटार सांभाळून राहिले का चोर पकडून राहिले?" मी हसतो. तिला काय सांगू की हे सगळं एका माणसानं शिकवलं आणि त्याच माणसाला पकडायचं राहून गेलं.

तुम्ही तिगाव स्टेशनावर सांधेवाले होता, रुळांचे सांधे फिरवून गाडीची लाईन बदलणारे; मास्तर फक्त आम्हा गिटार शिकणाऱ्या पोरांचे. तुमच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर मला दारातल्या उन्हासकट आठवतं. उजेड तिथंच चांगला यायचा म्हणून तुम्ही खाली गोधडी घालून तिच्यावर गिटार आडवी ठेवायचे, आणि पलीकडे तुमच्या घरच्या बाई भाकरी थापायच्या. मी पुढ्यात बसलोय. तुम्ही स्क्रू काढताय, एकेक बशीत ठेवताय. बाहेरून मालगाडी जाते, बशीतले स्क्रू खुळखुळतात. तुम्ही वर न बघता म्हणता, "दांडा ओढला म्हंजे सांधा फिरला असं नसते बरं. आपन खाली उतरून, रुळापाशी जाऊन पाहाव लागते. नाई पाहालं तर गाडी भलत्याच लाईनीवर." मग खोबणीत डोकावून, कानामागची पेन्सिल काढून तुम्ही एक छोटा क्रूस काढता, त्याच्याखाली आडवी रेघ, आणि बाजूला ज्याची गिटार असेल त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. म्हणजे पाहून झालं. मंडळीतल्या, आसपासच्या गावांतल्या ज्या ज्या गिटारी तुमच्या हाताखालून गेल्या, त्या सगळ्यांच्या पोटात ती खूण आहे.

मग माझा पहिला बेस आला. मी बोरगावच्या कारखान्यात पाळ्या करत होतो. नागपूरच्या एका हॉटेलात वाजवणारा माणूस आखाती देशात निघाला होता, त्याच्याकडून मी तो घेतला. डोक्यावरचं नाव खरवडलेलं होतं, पण तो म्हणाला असली आहे, आणि मी तेव्हा लोकांवर विश्वास ठेवायचो. सौसरच्या बसमध्ये तो मी मांडीवर आडवा घेऊन बसलो, शेजारच्या माणसाला धड पाय हलवता येईना. तुमच्याकडे आणला तेव्हा तुम्ही तो गोधडीवर आडवा ठेवला. नुसता हात फिरवला. मग म्हणालात, "दोन दिस राहू दे माह्यापाशी. पाहातो."

शनिवारी, कापणीच्या सणाच्या आदल्या दिवशी, सगळी गाणारी मंडळी तालमीला जमली होती. तुम्ही बेस माझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "नकली हाय. डब्बा हाय हा." कोणीतरी फिस्सकन हसलं. मी विचारलं नाही, कशावरून. मान उघडून बघितली नाही. तुम्ही म्हटलं म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण मी काय केलं ते नीट कबूल केलेलं नाही. कापणीच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी संत्र्याची टोपली होती, कापसाचं गाठोडं, दोन कोहळे, पाय बांधलेली एक कोंबडी. मी रांगेतून पुढं गेलो आणि कोहळ्यांच्या मध्ये माझा बेस ठेवून दिला. लोकांना वाटलं केवढं मोठं दान. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. ते दान नव्हतं मास्तर, तो राग होता. तुमच्या तोंडावर फेकायची हिंमत नव्हती म्हणून देवाच्या पुढ्यात फेकला. आणि पाळकसाहेब प्रवचनात दरवर्षी सांगायचे की लंगडं, आंधळं जनावर देवाला वाहू नये, जे निर्दोष असेल तेच द्यावं. ते वाक्य आलं की पुढची कितीतरी वर्षं मी बाकावर अंग चोरून बसायचो. मी देवाला नकली वस्तू दिली होती.

लिलावात तो घेतला कोणी, तर तुमच्या साळ्यानं! लोधीखेड्याचा संत्र्याचा बागायतदार, ज्याला गिटारीचं डोकं कोणतं आणि बूड कोणतं हे सांगता आलं नसतं. दुसऱ्या कोणी बोली लावली नाही, डब्ब्याला कोण लावणार? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कोंबडीकडे बघत होता. त्या क्षणी माझ्या मनात जे शिरलं ते आजपर्यंत निघालं नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही पाळकसाहेबांच्या कपाटावरचा तो जुना बेस पुसून माझ्या हातात दिलात, "याच्यावरच शीक," म्हणालात, आणि मी सात वर्षं त्याच्यावर शिकलो. बोटांना घट्टे पडले. जे काही येतं ते तुमच्याकडून आलं. तुमच्या मातीला मीच वाजवलं, सगळे रडत होते, मलाही रडू आलं, आणि रडता रडता मी तुमच्या साळ्याकडे चोरून बघत होतो.

शुक्रवारी आली ती त्याच साळ्याची सून. सासरा मागच्या वर्षी गेला, घर आवरताना धान्याच्या कोठीमागून हे बाहेर काढलं म्हणाली. चादरीत गुंडाळलेलं होतं. गाठ सोडायच्या आधीच मला कळलं. खरवडलेलं नाव तसंच होतं. ती म्हणाली, "दादा, तुमाले याच्यातलं समजते असं सारेच सांगतात. माही पोरगी नागपुरात शिकून राहिली, तिथल्या चर्चमंदी वाजवते, दुसऱ्याचं मागून मागून. हे असली असन तर तिले देतो. नकली असन तर तुमच्याचपाशी राहू द्या, कोनी शिकनारा आला तर त्याले कामी येईन."

मी म्हटलं, बघून सांगतो. ती ओसरीवर चहा घेत बसली, मी आत आलो, दार लोटलं, आणि चार स्क्रू काढून बशीत ठेवले.

खोबणीत कारखान्याचा शिक्का आहे. स्वच्छ, ठसठशीत. मी कितीतरी असली बेस उघडून बघितलेत, मला फसवणं आता सोपं नाही. शंभर टक्के असली आहे. आणि शिक्क्याच्या बाजूला पेन्सिलीचा छोटा क्रूस, खाली आडवी रेघ, आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर.

म्हणजे तुम्ही पाहिलं होतं. पाहून, शिक्का वाचून, खूण करून, मान परत बसवून तुम्ही माझ्या तोंडावर नकली म्हणालात. का, मास्तर? साळ्याच्या घरात फुकटात यावा म्हणून? मी तर लिलावात ठेवीन हे तुम्हाला काय ठाऊक. की मीही त्या विकणाऱ्यासारखा हॉटेलात वाजवायला पळेन, मंडळीचा बेस कपाटावर तसाच पडून राहील, ही भीती होती? की तुमच्या हातात उभ्या आयुष्यात असा बेस आला नाही आणि कारखान्यातल्या एका पोराच्या हातात आला, हे सहन झालं नाही?

बाहेर येऊन मी तिला सहज विचारतो असं दाखवून विचारलं, मास्तर कधी तुमच्याकडे यायचे का. "येत जाय ना. दर नाताळाले. तारा पुसून ठेवत, पन वाजवत नोते. मामंजीनं विकाची गोष्ट काढली का चिडत. म्हनत, ज्याचा हाय त्यानं अजून खाली उतरून पाहालं नाई."

म्हणजे तुम्ही मला धडा देत होता? मी मान उघडीन, शिक्का बघीन, तुमच्याशी भांडायला येईन, याची वाट बघत होता? आणि मी न बघता तो कोहळ्यांमध्ये ठेवला, म्हणून तुम्ही साळ्याला पुढं करून वाचवलात? असंच असेल तर माझी सगळी वर्षं वाया गेली, तुमच्यावर रागावण्यातली. पण हे फार गोड आहे, मास्तर, आणि गोड बोलण्यापासून मागं सरकायचं तुम्हीच शिकवलंत. सुनेनं आठवून सांगितलेलं वाक्य म्हणजे रुळापाशी जाऊन पाहणं नव्हे. वाचवला तर मग सात वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं. मी अंग चोरून बसायचो ते तुम्हाला शेजारच्या बाकावरून दिसत होतं. एकच मला आता नक्की कळलं, की मी देवाला दिलं ते लंगडं नव्हतं. तेवढ्यावर मी त्या रात्री नीट झोपायला हवं होतं.

झोपलो नाही. बेस अजून इथंच आहे, गोधडीवर, मान वेगळी, अंग वेगळं. पाचवी पेटी मी आधीच पुसून काढली आहे. हा कागद तुमच्या पत्त्यावर जाणार नाही, आणि लोधीखेड्यालाही नाही.

ती उठताना म्हणाली, "काय मंग दादा, असली हाय का?" शिक्का मी नुकताच वाचला होता, हाताला पेन्सिलीचा करडा डाग लागलेला होता. आणि मी म्हणालो, नकली आहे ताई, डब्बा आहे. शब्द तोंडातून निघायला जराही वेळ लागला नाही, मास्तर.