करंजाच्या वासाची पाडी

॥ श्री ॥
बेलवली, भाद्रपद शु. ६, सन १९५४

चि. चिंतामणभावजींस बकुळावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी एकटी असूनही खुशाल आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तुमच्या पुढच्या पत्रातली पहिली चार वाक्यं वाचतील.

ढवळी व्याल्याचं कळवलंच होतं. पाडी झालीय, कपाळावर पांढरा टिळा, आणि उड्या अशा मारते की दावं दोनदा तुटलं. पण ढवळीचे गोचीड, मागं लिहिले होते ते, आता फार वाढलेत. कानात, शेपटीखाली, कासेभोवती, एरंडाच्या बियांसारखे टम्म. गाय नुसती भिंतीला अंग घासते.

त्यावर तुम्ही शेजारच्या हिंदुरावांबरोबर पाठवलेला पांढऱ्या पुडीचा डबा पोचला. झाकण उघडलं आणि मला सात शिंका आल्या. डबा माळ्यावर ठेवलाय. रागावू नका. ढवळी बसली की माझ्या कोंबड्या तिच्या अंगावरचे गोचीड टिपून खातात. पूड लावलेला गोचीड खाल्ला तर कोंबडीचं काय होतं, ते डब्यावर लिहिलेलं नाही. असलं तरी इंग्रजीत असेल, आणि माझी शाळा चौथीत संपली.

मी सासूबाईंचं औषध करतेय. सीताफळाच्या वाळक्या बिया कुटून करंजाच्या तेलात मुरवायच्या आणि चोळायच्या. तुमच्या डोक्यातल्या उवा ह्याच बियांनी गेल्या होत्या. साहेब झालात म्हणून उवा विसरलात की काय?

सुनंदाला आशीर्वाद, चंदूला पापा. गोचीड गायीला धरून असतो तसा तुमचा लोभ मला धरून असू द्या. रक्त तेवढं पिऊ नका.

तुमची वहिनी
बकुळा


अंबरनाथ, ८ सप्टेंबर १९५४

ती. वहिनीस चिंतामणचा शि. सा. न. वि. वि. तुमचे पत्र सुनंदाने मोठ्याने वाचले. बाहेरच्या खोलीत आमच्या खात्याचे दोघेजण चहाला बसले होते. उवांचा मजकूर त्यांनीही ऐकला. आता कारखान्यात मला बघितले की एकजण डोके खाजवतो.

थट्टा राहू द्या. सीताफळाची बी डोळ्यात गेली तर डोळा जातो. माझ्या उवांच्या वेळी मी दोन दिवस डोळे उघडू शकलो नव्हतो, ते तुम्ही लिहिले नाहीत. मी रसायनांच्या कारखान्यात काम करतो आणि माझ्याच घरच्या गायीला बिया चोळल्या जातात, हे मी कोणाला सांगू?

आता मुद्द्याचे. गेल्या पावसाळ्यात तुम्ही गोठ्यात घसरून पडलात आणि दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. दादा असते तर गोष्ट वेगळी होती. दसऱ्यापर्यंत गाय धड झाली तर माझे काही म्हणणे नाही. नाही झाली तर हिंदुरावांच्या ओळखीचा निर्वासितांच्या कॅम्पातला गोठेवाला तिला न्यायला तयार आहे. तुम्ही घर बंद करून इकडे यायचे. स्टेशनच्या पूर्वेला आमच्या दोन खोल्या आहेत, घरात नळ आहे. हा हुकूम नाही, काळजी आहे.

सुनंदाचा नमस्कार. रागावलात तरी पत्र टाकायचे बंद करू नये.

आपला
चिंतामण


॥ श्री ॥
बेलवली, भाद्रपद व. ४

चि. भावजींस अनेक आशीर्वाद. वि. वि. यावेळी थट्टा करायला सुचत नाही. थोडी केली तर सवयीनं झाली असं समजा.

औषध लागू पडलं. तुमची धमकी ध्यानात ठेवून डोळ्यांपासून चार बोटं लांबच लावलं. तिसऱ्या दिवशी गोठ्यात गोचीड मरून पडले होते, केरसुणीनं गोळा केले. मी खूश. पाडीच्याही कानात दोन-चार दिसले, म्हणून तिलाही शेंडीपासून शेपटीपर्यंत चोपडली. बिया नाही हो, लहान जीव आहे, नुसतं करंजेल आणि निरगुडीचा काढा.

आणि आता ढवळी पाडीला जवळ येऊ देत नाही. पाडी प्यायला म्हणून गेली की लाथ. शिंगानं ढकलते. पाडी ओरडते, ढवळी दाराकडं बघत हंबरते, जसं काही हिचं पोर कुणी चोरून नेलंय. पोर तर तिच्या पायाशी उभं! वासरू प्यायला लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही, तेव्हा दूधही आटत चाललं. पाडीला हिंदुरावांच्या म्हशीचं दूध बोंडल्यानं पाजते. निम्मं माझ्या लुगड्यावर.

माझं डोकं चालत नाही. हिंदुराव म्हणतात नजर लागली. गावातली बनूबाई म्हणते गोचिडांनी रक्त प्यालं, गाय कमजोर झाली, तिला पोर नकोसं झालं. पण कमजोर गाय अशी लाथ मारते? माझ्या मांडीवर वळ आहे. मी म्हणते बियांनी हिच्या डोक्यात काही गेलं. मीठमिरची ओवाळली, ते जळून खोकला मलाच झाला. गोचीड होते तेव्हा माया होती, गोचीड गेले आणि मायाही गेली. हे कसं?

हिंदुराव काल म्हणाले की गोठेवाला दसऱ्याची वाट बघणार नाही, आटलेल्या गायीला गिऱ्हाईक कोण? भावजी, तुमच्या नळाला नावं ठेवत नाही मी. पण सकाळी उठून कुणाला हाक मारायची तेच राहिलं नाही, तर मी बेलवलीत काय आणि अंबरनाथला काय, भिंतीकडंच बघणार.

काही सुचलं तर लगेच लिहा. मनात माया राखा, सध्या इकडं तिची टंचाई आहे.

बकुळा


अंबरनाथ, १८ सप्टेंबर १९५४

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून मीही चक्रावलो. आमच्या कारखान्याच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले की आपण माणसांचे डॉक्टर आहोत. तरी त्यांनी तिची जीभ बघायला सांगितली. बघा. कशासाठी ते त्यांनी सांगितले नाही.

बी रक्तात गेली असावी असे मला वाटते, पण मग पाडीवरच राग का? तिला तर बी लावलीच नव्हती. पूड लावली असती तर निदान काय झाले ते मला कळले असते. तेही खरे नाही, कळले नसते.

सुनंदाला सांगितले तर ती पोळपाट सोडून हसत सुटली. म्हणाली, आपला चंदूही असाच आहे, तुम्ही कारखान्यातून आलात की भोकाड पसरतो, आणि न्हाऊन शर्ट बदललात की तुमच्या मांडीवरून उतरत नाही. ते खरे आहे, रोजचेच आहे. पण यात हसण्यासारखे काय आणि त्याचा गायीशी संबंध काय, ते मला कळले नाही. विचारले तर म्हणते, वहिनींना जसेच्या तसे लिहा. म्हणून लिहिले.

गोठेवाल्याला मी अजून होकार दिलेला नाही. जपून राहावे, लाथेपासून विशेष.

आपला
चिंतामण


॥ श्री ॥
बेलवली, घटस्थापना

चि. भावजींस अनेक आशीर्वाद, आणि सुनंदाला त्याच्या दुप्पट. वि. वि. तुम्ही एवढे शिकलात, पण घरातलं शहाणपण पोळपाटापाशी बसलंय, हे लिहून ठेवा.

पत्र वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. हाताला करंजाचा वास! सगळं घर त्याच वासाचं, देवळात बायका माझ्यापासून दोन हात लांब बसतात, आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. ढवळीनं पोर कधी डोळ्यांनी ओळखलंच नव्हतं. मी पाडीचा वासच पुसून टाकला. ती बिचारी आपलं पोर शोधत दाराकडं बघत होती, आणि मी तिला निर्दय म्हणत होते.

मग पाडीला कोमट पाण्यानं रिठे लावून न्हाऊ घातलं. एकदा न्हाऊन भागेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ढवळीचंच चार थेंब दूध काढून पाडीच्या पाठीवर चोळलं, वर मीठ लावलं. ढवळीनं आधी नाक फुरफुरलं. मिठासाठी एकदा चाटलं. मग थांबली, हुंगलं, आणि अशी चाटत सुटली की पाडी दोनदा खाली बसली. कासेला पान्हा आला तेव्हा माझ्याही डोळ्यांना आला. धुराचा नव्हता, चूल पेटलेली नव्हती.

गोचीड सगळे गेले असं खोटं लिहिणार नाही. भिंतीच्या भेगांत दडलेत, तिथं शेणमातीनं लिंपून घेतेय. ढवळीला औषध पुन्हा लावीन, कास सोडून. पाडीचे हातानं वेचीन. एवढे गेले ते बियांनी, तेलानं की कोंबड्यांनी, ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही.

दसऱ्याला या आणि गाय धड आहे का ते तुमच्या डोळ्यांनी बघा. हिंदुरावांना काय सांगायचं ते तुमच्यावर. फक्त न्हाऊन या, ढवळी बुजेल. माझं काय, मी ह्या घरात आले तेव्हा तुम्ही सहा वर्षांचे, उवांनी भरलेले. कसल्याही वासाचे आलात तरी मी ओळखीन.

बकुळा


अंबरनाथ, १ ऑक्टोबर १९५४

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि. घाईत कार्ड टाकतो. गोठेवाल्याला नको म्हणून हिंदुरावांना निरोप दिला आहे. रोज सकाळी ते गोठ्यात एकदा डोकावतील, त्याला मात्र नाही म्हणायचे नाही.

दसऱ्याला तिघेही येतो. मला सुट्टी आहे, तरी कारखान्याच्याच शर्टात येणार. तुम्ही ओळखीन म्हणालात, ते बघायचे आहे. गाय लांब बांधावी.

तुमचा
चिंतामण