मास्तरांना दिसेल अशी कविता

प्रिय बोरू,

(पाकिटावर ‘रा. रा. दाजी’ असं लिहिलंय ते पोस्टमनसाठी. माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न करून तू दाजी झालास, पण त्याआधी सात वर्षं माझ्या बाकावर बोरू होतास, आणि आधी येईल त्याचा हक्क मोठा.)

सप्रेम नमस्कार. ‘इकडील सर्व मंडळी खुशाल’ असं लिहायची रीत आहे, पण इकडच्या मंडळींपैकी एक जण, म्हणजे मी, गेले अकरा दिवस खुशाल नाही. तुझी वहिनी खुशाल आहे, कारण ती कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकत नाही. तुझी तब्येत धाकटी कळवत असते. डावा हात शर्टाची बटणं लावू लागला, जिना एकटा उतरतोस, जेवण जातं, हे सगळं समजलं. बोलण्याबद्दल ती काही लिहीत नाही आणि मी विचारत नाही. तर माझ्या दुःखाकडे वळू.

आपले मास्तर या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला नव्वद पूर्ण करतात. त्यांचे कान चार वर्षांपासून पार गेले आहेत. यंत्र लावलं तर त्यांना शिट्ट्या ऐकू येतात, माणसं नाही. आता विचार कर, ज्या माणसानं कविता कधी नुसती वाचून दाखवली नाही, गाऊनच शिकवली, त्याला जगात आवाजच उरला नाही. मी दर महिन्याला जातो, पाटीवर खडूनं मोठ्या अक्षरांत काहीबाही लिहितो, ते वाचतात, हसतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. परत येताना मला तो दुपारचा वर्ग आठवतो, शाईचा वास, कौलातून फळ्यावर पडलेला उन्हाचा कवडसा आणि चाळीस पोरांच्या तोंडून एकदम चढणारी ती पाणचक्कीची कविता... पण असो. वहिनी म्हणते, मी आठवणीत शिरलो की मला बाहेर काढायला दोर लागतो.

तर माझी नात (इस्पितळात कान तपासते ती) मागच्या सुट्टीत म्हणाली, “आजोबा, ऐकू येत नसेल तर दाखवा ना.” माणूस बोलतो तेव्हा आवाज किती चढला, किती उतरला, कुठे थांबला, याची रेघ तिच्या प्रोग्राममधून काढता येते. म्हणजे कवितेची चाल कागदावर! डोंगर, दऱ्या आणि मधला विसावा. मी ताबडतोब ठरवलं की मास्तरांच्या विद्यार्थ्यांनी एकेक कविता म्हणायची, नातीनं रेघा काढायच्या आणि मी पुस्तिका करून अठ्ठावीसला मास्तरांच्या हातात द्यायची. हयात आणि पत्ता ठाऊक असे आपण पाच जण. चार कविता आल्या. मी पाणचक्की म्हटली, कंपाउंडरनं बगळा, दोन वेण्यांनी (आता केस कापलेत, तरी नाव तेच) डोंगरावरचा दिवा आणि खारीनं आगगाडी. (पाचवीबद्दल या पत्रात अवाक्षर काढणार नाही असं मी धाकटीला वचन दिलं आहे.)

नातीनं चार रेघा पाठवल्या आणि बजावलं की ही चित्रं ठिपक्यांची नाहीत, रेघांची आहेत. साध्या चित्रात ठिपके भरलेले असतात. ते मोठं केलं की ठिपके दिसू लागतात आणि रेघ फुटते. या चित्रात नुसती सूचना लिहिलेली असते की इथून तिथवर जा, मग वळ. त्यामुळे ते भिंतीएवढं केलं तरी धार जात नाही. आपल्याला नेमकं हेच हवं होतं, कारण मास्तरांना आता डोळ्याच्या एका कोपऱ्यातून काय ते दिसतं, तेही सुपाएवढं असेल तर. पान मोठं करावंच लागणार आणि रेघ फुटली तर सगळं मुसळ केरात.

पुस्तिका मीच टाइप करतो, दोन बोटांनी. प्रस्तावना अठ्ठावीस पानांची झाली आहे. (नात म्हणाली फार होते. मी एक परिच्छेद काढला, मग त्याची आठवण येऊन परत घातला.) चित्रं घालताना खालच्या मजल्यावरचे सर्वज्ञ शेजारी बसले होते. हे गृहस्थ निवृत्त ओव्हरसियर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींवर देखरेख केल्यानं त्यांना स्वतःच्या हातानं काही करायची सवय नाही. ते म्हणाले, “चित्र आत कोंबू नका, फाईल जड होते. ते कुठे ठेवलंय तो नुसता पत्ता द्या, प्रोग्राम आपणहून आणतो.” दिला पत्ता. चारही रेघा पानावर अशा उमटल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर्वज्ञ ते आपल्या हुशारीमुळे आलं असं समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघतो तर रेघा गायब. चार रिकामे चौकोन आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीक तांबडी फुली. गणित चुकल्यावर मारतात तशी. सर्वज्ञ म्हणाले व्हायरस. मग म्हणाले विजेचा दाब. मग म्हणाले तुमचा माउस जुना आहे. मी तीन दिवस रोज चित्रं नव्यानं घालायचो, मनासारखी दिसली की मशीन बंद करायचो आणि सकाळी पुन्हा फुल्या. वहिनी दारातूनच म्हणाली, “झोपताना तुम्ही त्यांना काही बोलता का?”

चौथ्या दिवशी सर्वज्ञांनी चित्रं ‘जुन्या जातीत’ बदलून दिली, म्हणजे म्हणे कुठलाही प्रोग्राम त्यांना नाही म्हणत नाही. तो नाही म्हणाला नाहीच. त्यानं मला चार काळेकुट्ट आयत दिले. बोरू, शपथेवर सांगतो, हुबेहूब आपल्या वर्गातला फळा. वरून खाली पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, खडूचा एक कण नाही. सर्वज्ञ म्हणाले, रेघ आहे, पण काळ्यावर काळी असल्यामुळे दिसत नाही. मी म्हटलं, असं तर मग माझं सगळं वाङ्मयही आहे.

पाचव्या दिवशी काळं गेलं आणि रेघ आली, पण रेघेखाली लिहिलेल्या कवितेचे शब्द फुटले. वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे, जोडाक्षरांचे पाय मोडलेले आणि मधूनमधून रिकामे डबे. पाणचक्कीचा पार अपघात झाल्यासारखा दिसत होता. सहाव्या दिवशी शब्द जुळले, तर चित्र पळू लागलं. मी प्रस्तावनेच्या चौथ्या पानावर एक स्वल्पविराम घातला आणि बगळा एकतिसाव्या पानावरून उडून अठराव्यावर जाऊन बसला, तोही नेमका माझ्या सर्वांत चांगल्या वाक्यावर. स्वल्पविराम काढला तर बगळा परत जाईना. मी एकेक शब्द काढत गेलो, तो एकेक ओळ सरकत गेला. असं करता करता प्रस्तावना सव्वीस पानांवर आली. (नातीला हे कळवलेलं नाही. तिला उगाच आनंद होईल.)

मग मी शरण गेलो. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात डीटीपी करणाऱ्या एक बाई बसतात. चष्मा कपाळावर, समोर तीन गिऱ्हाइकं आणि बाई एकाच वेळी तिघांशी बोलतात. मी पेनड्राइव्ह पुढे करून मास्तरांपासून सुरुवात केली. बाई म्हणाल्या, “काका, गोष्ट राहू द्या, पान किती?” मी पान सांगितलं. त्यांनी रेघ पडद्यावर उघडली, पडद्याचाच फोटो काढला, तो पानावर चिकटवला आणि झालं म्हणाल्या. पाऊण मिनिट लागलं असेल. मला माझ्या आठ दिवसांची लाज वाटली. पण मी म्हटलं, जरा सुपाएवढं करा. त्यांनी केलं, आणि ती माझी मऊ, वळत वळत चढणारी ओळ, कसं सांगू, जिना झाली. पायऱ्या पायऱ्या, कडेला राखाडी धूर.

“एवढं मोठं कशाला हवं?” त्यांनी विचारलं.

“ज्यांना द्यायचंय त्यांना ऐकू येत नाही,” मी म्हटलं.

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, “तुमचं आधार कार्ड द्या हो.”

शेवटी नातीला फोन केला. इतके दिवस केला नव्हता, कारण तिनं जाताना ‘जमेल ना?’ विचारलं होतं आणि मी ‘तू मला काय समजतेस’ असं म्हणालो होतो. तिनं शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, “आजोबा, मी पाठवलेल्या फाईलींना तुम्ही हात लावला होता का?” मी म्हटलं, छे. म्हणजे, फक्त नावं बदलली होती. तिनं नावं ठेवली होती ‘प्लॉट एक’, ‘प्लॉट दोन’. अरे, डोंगरावरच्या दिव्याला ‘प्लॉट तीन’ म्हणायचं? तो काय विकायला काढलाय? म्हणून मी रोज संध्याकाळी काम संपलं की एकेका फाईलला कवितेची पूर्ण पहिली ओळ नाव म्हणून द्यायचो. दुसऱ्या दिवशी ती ओळ अपुरी वाटायची, मग दुसरीही जोडायचो. तिकडे प्रोग्राम बिचारा दिलेल्या पत्त्यावर जायचा, त्या नावाचं कुणी राहत नाही असं कळायचं आणि तो फुली मारून परत यायचा.

फोनमधून नुसती खरखर येत राहिली. (हसत होती असं वहिनीचं मत. मला ती लाइन खराब वाटते.) मग तिनं एकेक करून सांगितलं आणि मी पाटीवर लिहून घेतलं. पत्ता देऊ नका, चित्र आतच घाला, जड झालं तर होऊ द्या. खालची अक्षरं मी तुम्हाला रेघा करून पाठवते, म्हणजे फुटायला ती अक्षरंच उरणार नाहीत. जुन्या जातीत काही बदलू नका. आणि चित्र ओळीत बसवा, म्हणजे प्रोग्राम त्याला एक मोठं अक्षर समजेल आणि ते शेजारच्या शब्दांचं बोट धरून राहील. हे शेवटचं मला फार आवडलं. मी अर्धा तास त्यावरच विचार करत बसलो, तेवढ्यात मशीन आपोआप झोपलं.

पण जमलं. काल दुपारी बाईंनी चारही पानं मोठ्या कागदावर छापून दिली. रेघ कुठेही फुटलेली नाही, बोटाएवढी जाड आहे आणि केसाएवढी स्वच्छ. पुस्तिका तयार आहे. मी हे पत्र केवळ मन मोकळं करायला लिहिलं. तुझ्याकडून मला काहीही नको आहे. प्रकृतीला जप, जिन्याचा कठडा धरत जा, आणि धाकटीला सांग की वहिनीनं मागितलेला स्वेटरचा नमुना तिनं अजून पाठवलेला नाही.

तुझा बाकावरचा,
मेहुणा

ता. क. एक : ‘काहीही नको’ हे खरं नाही. पुस्तिका तयार आहे हेही पुरतं खरं नाही. तेहेतिसावं पान कोरं आहे. धाकटीला दिलेलं वचन पत्रात अवाक्षर न काढण्याचं होतं. ताज्या कलमाबद्दल आमचं काही बोलणं झालेलं नाही.

ता. क. दोन : नातीला मी एक गोष्ट खोदून खोदून विचारली. या रेघेत शब्द दिसत नाहीत. जीभ अडखळली, ओठ एका बाजूला वळले, ‘स’चा ‘श’ झाला, यातलं काहीही त्या रेघेला कळत नाही. तिला कळतो फक्त आवाजाचा चढ, उतार आणि थांबा. आणि चढ-उतारात वर्गात तुझ्यासारखा कुणी नव्हता, हे मी सात वर्षं शेजारी बसून सहन केलं आहे. तुझी नावेची कविता अजून कुणी घेतलेली नाही. धाकटी गुरुवारी दहा ते बारा बाहेर असते. फोन टेबलावर ठेवून जाईल. घरात कुणी नसेल. नातीला रेघ काढायला एक तास लागतो आणि बाईंना छापायला पाऊण मिनिट.

ता. क. तीन : आज सकाळी मी चार पानं (आणि खाली ते कोरं) मास्तरांकडे नेली होती, आकार पुरतो का ते बघायला. नावं झाकून ठेवली होती. भिंग घेऊन पहिल्या रेघेवरून ते इतके हळू गेले की मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, “हा तू. तिसऱ्या ओळीत अजून श्वास चोरतोस.” चारही जण ओळखले. मग पाचवं कोरं पान आलं. ते उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं आणि विचारलं, “बोरू कुठाय?” मी पाटीवर लिहिलं, ‘तो आजारी होता. आता बोलणं नीट येत नाही, म्हणून तो कुणापुढे तोंड उघडत नाही.’ मास्तरांनी ते भिंगातून दोनदा वाचलं. मग माझ्या हातातून खडू काढून घेतला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा, आळीभर जाईल अशा आवाजात मला म्हणाले, “मग त्याला कळव ना, मला कुठे ऐकू येतंय?”