ठोकळा की नाकवाली : एक तुलनात्मक अभ्यास

१२ मार्च, संध्याकाळ

दोन घटना एकाच दिवशी घडल्या. सकाळी कळले की शहराबाहेरच्या महाविद्यालयात इतिहास शिकवण्यासाठी माझी निवड झाली आहे. एक जुलैला रुजू व्हायचे. दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना स्टिअरिंगला हात लावण्यास कायमची मनाई केली. महाविद्यालय महामार्गावर आहे. बस शेवटच्या कारखान्यापाशी संपते. पुढे फक्त ट्रक जातात. जेवताना बाबांनी जाहीर केले की जुनी गाडी काढून एसयूव्ही घ्यायची, कारण आजीचा गुडघा बुटक्या गाडीत शिरायला तयार नाही. वर म्हणाले, "घरात आता लायसन्स फक्त आमच्या विद्वानांकडे. निवडायचीही तिनेच, चालवायचीही तिनेच. नाहीतर नोकरीला नमस्कार."

लायसन्स मिळून बरीच वर्षे झाली. त्यानंतर गाडी चालवण्याचा प्रसंग आला नाही. परंतु ज्ञान शिळे होत नसते. संकल्प : आठवड्याभरात शास्त्रशुद्ध तुलना पूर्ण. उद्यापासून पहाटे सराव.

१३ मार्च

सराव केला नाही. बुटक्या गाडीवर सराव केल्यास एसयूव्हीला घातक ठरणाऱ्या सवयी जडतील. हे वेळीच लक्षात आले, म्हणून बरे.

२१ मार्च

तुलना प्राथमिक अवस्थेत आहे. असंख्य रिव्ह्यू वाचून दोन गाड्या अंतिम फेरीत आणल्या. मी त्यांना 'अ' आणि 'ब' अशी तटस्थ नावे दिली होती. आजीने फोटो पाहून एकीला ठोकळा आणि दुसरीला नाकवाली म्हटले. आता घरात अ-ब कोणी म्हणत नाही. शंभर गुणांची परीक्षा योजली आहे : सुरक्षितता, मायलेज, बूट स्पेस म्हणजे डिकीतली जागा, मागे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांना जागा, इत्यादी. 'चालवण्यास सोपी' या मुद्द्याला दोनच गुण, कारण तो चालकाच्या गुणवत्तेचा प्रश्न आहे.

आईने विचारले, "एखादीत बसून तरी पाहिलंस का?" बसल्याने मत कलुषित होते, असे तिला समजावले. ती म्हणाली, "बरं."

२९ मार्च

शोरूमला भेट. सेल्समन टाय लावून थेट माझ्याकडेच पाहत होता, म्हणून मी प्रश्न बाबांच्या कानात सांगितले आणि बाबांनी ते मोठ्याने विचारले. ही पद्धत निर्दोष नाही. मी ग्राउंड क्लिअरन्स विचारला, बाबा म्हणाले, "खड्ड्यात पोट घासेल का हो?" मी सस्पेन्शनचा प्रकार विचारला, बाबा म्हणाले, "आमच्या आईची हाडं जागेवर राहतील ना?" सेल्समनला बाबांचे सगळे प्रश्न कळले आणि त्याने उत्तरेही बाबांनाच दिली. तरीही चर्चेची दिशा माझीच होती, हे नमूद करते.

६ एप्रिल

आईने ड्रायव्हिंगचा क्लास लावला आहे. म्हणाली, तुला सोबत होईल. मला तिची दया आली. या वयात तिला टॉर्क म्हणजे काय हेही ठाऊक नाही. स्वयंपाकघरात जाऊन समजावून सांगू लागले, तर म्हणाली, "आत्ता नको गं, दूध उतू जाईल." जिज्ञासेशिवाय विद्या येत नाही. क्लासचे मास्तर म्हणे सारखे शेंगदाणे खातात.

१९ एप्रिल

ठोकळ्याची टेस्ट ड्राइव्ह. चालक मी. शेजारी सेल्समन, मागे बाबा आणि आजी.

सीट आणि आरसे शास्त्रोक्त रीतीने लावले. तेवढ्यात सेल्समनचा चहा पिऊन झाला. गाडी ऑटोमॅटिक होती, म्हणजे तिला क्लच नसतो आणि डाव्या पायाला काम नसते. याविषयी मी पाच लेख वाचले आहेत. दुर्दैवाने डाव्या पायाने एकही वाचलेला नाही. शोरूमच्या फाटकाशी येताच त्याने सवयीने क्लच म्हणून जे दाबले, तो ब्रेक होता. सगळ्यांनी एकदम पुढे वाकून नमस्कार केल्यासारखे झाले. सेल्समनचा टाय डॅशबोर्डला लागला. मागून एक टेम्पोवाला काहीतरी ओरडला. ते लिहिण्यासारखे नाही. पुढे जायची गरज उरली नव्हती, कारण हवी ती माहिती मिळाली होती. उतरून किल्ली परत केली.

निष्कर्ष : ब्रेक अतिशय प्रभावी. दहापैकी दहा.

२० एप्रिल, सकाळ

आजी म्हणते, "ठमाबाई, गुडघ्यासाठी गाडी बघत होतो ना आपण? आता मानेचंही बघ हो." तिने सुरक्षिततेच्या चाचणीचे महत्त्व समजून घेतलेले नाही.

४ मे

दोन्ही गाड्यांचे गुण समान आले! अशा वेळी घाबरून जायचे नसते. 'आतला वास' आणि 'हॉर्नचा स्वभाव' असे दोन नवे मुद्दे घातले. पुन्हा समान. शिवाय बाजारात एक तिसरी गाडी आल्याचे वाचनात आले (आजीच्या भाषेत गुळगुळीत). तिला वगळणे अन्यायाचे ठरेल. अभ्यास पहिल्यापासून सुरू करते आहे.

बाबा म्हणाले, "बाईसाहेब, गाड्या गुळगुळीत झाल्या, आता आमचं डोकंही होईल."

आई मास्तरांची गाडी घेऊन बाजारात गेली होती. मास्तर शेजारी झोपले होते म्हणे. बेजबाबदारपणाचा कळस.

२२ मे

महत्त्वाचा शोध. तिन्ही गाड्यांच्या सुधारित आवृत्त्या पुढच्या वर्षी येणार आहेत. आत्ता घेणे अविचाराचे होईल. रात्री जेवणाच्या टेबलावर तशी शिफारस ठामपणे मांडली. ठामपणे म्हणजे आईच्या कानात. तिने ती सांगितली.

बाबांनी घास खाली ठेवला. "पुढच्या वर्षी हिची नोकरीही सुधारित येणार आहे का?"

मी आणखी एक पोळी वाढून घेतली. विद्वानाने मौन पाळावे अशीही वेळ असते.

२३ मे

महाविद्यालयातून फोन आला. नक्की रुजू होणार ना, म्हणून विचारले. प्रतीक्षा यादीत अजून एक उमेदवार आहे. मी हो म्हणाले. आवाज खोल गेला असावा, कारण त्यांनी तीनदा विचारले. फोन ठेवल्यावर ठरवले की आता सरावाला लागायचेच. जूनपासून. महिन्याची सुरुवात केव्हाही चांगली.

९ जून

आईला लायसन्स मिळाले. त्या उत्साहात तिने मला बळेच मास्तरांकडे नेले. मोकळे मैदान, क्लासची गाडी, मी चालकाच्या जागी. मास्तर म्हणाले, "हं, चला." मी त्यांना इंजिनाचे चार टप्पे सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले, मूठभर शेंगदाणे पुढे केले आणि पुन्हा म्हणाले, "हं, चला."

मैदानात जमले. नंतर त्यांनी रस्त्यावर घ्यायला सांगितले. समोरून ट्रक आला. तो त्याच्या बाजूने जात होता, हे मास्तर म्हणतात. मी गाडी थांबवली, दार उघडले आणि घरी चालत आले.

चपलेचा तळ जाड असल्यामुळे पेडलचा अंदाज येत नव्हता. घरी आल्यावर दुलईत शिरले ते थंडीने.

जून आहे.

१५ जून

अघटित! वाचनालयातून परतले तर दारात ठोकळा उभा. आई आजीला शोरूममध्ये घेऊन गेली होती. नाकवालीत आजीला दोघांनी उचलून बसवावे लागले. ठोकळ्यात ती हँडल धरून, एक पाय टाकून, स्वतः चढली आणि म्हणाली, "हीच. आता मला उतरवू नका." झाली निवड. तीन महिन्यांचे माझे काम आजीच्या एका पायाने केले. ठोकळा माझ्या ताज्या गुणतालिकेत अर्ध्या गुणाने मागे आहे, हे मी निदर्शनास आणले. बाबा म्हणाले, "तुला विचारलं असतं तर तू चौथी आणली असतीस."

निषेध म्हणून आज कोणाशीही बोलणार नाही.

१६ जून

कोणाच्याही लक्षात आले नाही.

३० जून

उद्या रुजू व्हायचे. महाविद्यालयापर्यंतचा रस्ता नकाशावर पाठ केला आहे. वळणे, पूल, सगळे. चालवण्याची तालीम म्हणून खाली जाऊन ठोकळ्यात बसले. सीट लावली. आरसे लावले. इंजिन सुरू केले नाही. विनाकारण इंधन जाळणे योग्य नव्हे. आरसे पुन्हा लावले.

आई खाली आली आणि शेजारच्या सीटवर बसली. तिने तिचा पट्टा लावला. मग म्हणाली, "भीती वाटते का गं?"

मी म्हणाले, डावा आरसा नीट लागत नाही.

ती म्हणाली, "मलाही वाटायची. पहिल्या दिवशी मी मास्तरांच्या गाडीत रडले होते. तुझ्या बाबांना सांगू नकोस." मग तिने हात लांब करून माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "उद्या मी सोडते. परवाचं परवा बघू."

आरसा व्यवस्थितच लागला होता.

१ जुलै

आईने सोडले. सगळ्या वाटेत ती एका हाताने गिअरजवळचा पाण्याचा पेला सांभाळत होती आणि मागे बसलेल्या आजीशी बोलत होती. आजीला काही काम नव्हते. तिला चढायचे होते. तीन ट्रक आले. आईने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

फाटकाशी वॉचमनने आईला सलाम ठोकला. "या मॅडम, नवीन मॅडम तुम्हीच ना? स्टाफची गाडी आत घ्या." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि बाळ, फर्स्ट इयरच्या प्रवेशाची रांग तिकडे. फोटो आणलेत ना?"

त्याची चूक सुधारायला शब्द जुळवत होते, तोवर त्याने मला गाडीतून उतरवून रांगेत उभे केले होते. रांग शिस्तबद्ध होती. मोडणे बरे दिसले नसते. पुढच्या मुलीने विचारले, कोणता विषय घेणार? मी म्हणाले, इतिहास. ती म्हणाली, "बोअर असतो म्हणे." मी म्हणाले, शिकवणाऱ्यावर असते. माझी पाळी येण्याआधी ठोकळ्याचा हॉर्न वाजला. आई काच खाली करून सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, ती शिकायला नाही, शिकवायला आलीय!"

सगळी रांग वळून माझ्याकडे पाहू लागली. त्याच रांगेतल्या निम्म्या मुली पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गात असतील.

संध्याकाळी घरी येताना आईने त्याच फाटकासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांच्या मध्ये, ठोकळा सहज वळवला. मी तिला विचारले, वळवताना नेमके काय करायचे असते. आजवर हा प्रश्न मी कोणालाच विचारला नव्हता, हे लिहिताना लक्षात येते आहे.

आई म्हणाली, "काही नाही गं. वळायचं."