अर्ध्या तासाचा नियम

६ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
मनोरी. फेरीबोटीतून उतरताना जेट्टीच्या चार पायऱ्या कोरड्या. मोजल्या, सवय आहे.

आजपासून इथल्या बर्फाच्या कारखान्यात माझा प्रोग्रॅम. बर्फ फोडायची वेळ ऑपरेटर टाकणार, प्रोग्रॅम तपासणार, मग मशीन आपोआप चालू. विक्रोळीच्या साइटवर ऑपरेटरने १७ ऐवजी ७ टाकलं आणि माझ्या प्रोग्रॅमने ते मुकाट घेतलं. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. ते परत नको. म्हणून नियम: आधीच्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त फरक म्हणजे चूक. नोंद नाकारायची, आधीचीच वेळ ठेवायची.

ऑपरेटर रोझारिओ अंकल. तीस वर्षं इथेच. भिंतीवर खडूने तिथ्या लिहून ठेवतात. पुसायला सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही. आजची वेळ १२:३०. मंजूर.

७ नोव्हेंबर
सहा पायऱ्या. अंकलनी १३:१५ टाकलं. नाकारलं. दुसऱ्याच दिवशी चूक पकडली गेली, म्हणजे नियम बरोबर. त्यांनी किल्ली फिरवून मशीन हाताने चालवलं. विचारलं, तर म्हणाले, तेजल मॅडम, होड्या काय तुमच्या घड्याळावर येतात? मुद्दा भावनिक. ट्रेनिंग द्यावं लागेल.

८ नोव्हेंबर
नऊ पायऱ्या. ही जेट्टी रोज वेगळी असते. मेंटेनन्स शून्य.

१४:०० नाकारलं. मग अंकलनी १२:५९ टाकलं, मग १३:२८, मग १३:५७. तिन्ही मंजूर. एकोणतीस-एकोणतीस मिनिटांनी नियमाला वळसा. मला राग आला असं नाही. नवा नियम: दिवसाला एकच बदल.

९ नोव्हेंबर, रविवार
होड्या बंद. बोरिवलीला घरी. आईने विचारलं, काम कसं चाललंय. स्थिर, म्हणाले.

१० नोव्हेंबर
बारा पायऱ्या, खाली चिखल. एक बूट वाया.

१५:४० नाकारलं. अंकलनी निमूट १४:२७ टाकलं आणि नंतर पुन्हा किल्लीच वापरली. संध्याकाळी किल्ली मागून घेतली. बाबांच्या वयाचा माणूस. तळहातावर ठेवली, बोलले काहीच नाहीत. ही संमती समजते आहे.

११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
सकाळी १६:३० नाकारलं, १४:५७ मंजूर. दुपारी अंधेरीला ऑफिसात. टीम लीड अनिरुद्धला रिपोर्ट दाखवला: पकडलेल्या चुका चार, आज हाताने मशीन चालवणं शून्य. झकास, म्हणाला.

साडेचारच्या सुमारास अंकलचे तीन मिस्ड कॉल. तेव्हा मी शून्यावर बोलत होते. किल्ली बॅगेत आहे. उद्या बघू.

१२ नोव्हेंबर
कारखान्याच्या दारात कार्मेन आंटी बसल्या होत्या. अंकलची बहीण, होडी त्यांची. काल १४:५७ला बर्फ फुटला आणि दीड तास उन्हात पडून राहिला. भरती साडेचारला. त्याआधी खाडीत मासळीने भरलेल्या होडीपुरतं पाणी नसतं, ती बंदराला लागूच शकत नाही. ती लागली तेव्हा बर्फाच्या जागी ओल होती. मशीन पुन्हा चालवायला किल्ली हवी होती. दोन दिवसांचे बोंबील मऊ पडले, सुकवायच्याही लायकीचे राहिले नाहीत. नारळांच्या बुंध्याशी पुरले.

भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. म्हणून अंकलची वेळही सरकत होती.

मी म्हणाले, मला कोणी सांगितलं नाही. आंटी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरी, तू रोज उतरताना पायऱ्या मोजतेस, फेरीबोटवाला सांगतो. पाणी कुठं जातं असं वाटलं तुला?"

चार, सहा, नऊ, बारा. याच वहीत आहेत, माझ्याच अक्षरात.

१३ नोव्हेंबर
पायऱ्या मोजल्या नाहीत. मान खाली होती, तरी.

किल्ली परत केली. अर्ध्या तासाचा नियम काढला. आता भरतीच्या तक्त्यावरून वेळ मी टाकायची आणि मंजुरी अंकलनी द्यायची. पहिली नोंद केली, दोनदा तपासून. अंकलनी चष्मा लावला, स्क्रीनकडे बघितलं आणि हळूच विचारलं, पहाटे सहाला बर्फ न्यायला कोण येणार आहे.

१८:१० ऐवजी मी ०६:१० टाकलं होतं.

लॉग: आजवर नाकारलेल्या नोंदी पाच. खरोखर चुकीची एक. नोंद करणारी: तेजल.