पूर्वेचा तुकडा आणि गोडं तळं

मी, मनुबाई दयाराम घरत, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, राहणार थळ, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, कोणाच्या धाकात नसताना आणि डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा मुलगा अल्पेश गावभर उलट सांगत फिरतो, म्हणून तो काढावा लागला.

१. राहतं घर अल्पेश आणि सून कल्पिता यांना सारखं. छपराचं पाणी शेजारच्या तळ्यात, जिथून सारी आळी पाणी भरते, तिथे नेणारे पन्हळ कोणी काढू नयेत. दिसायला वाईट आहेत, हे मला माहीत आहे.

२. घरामागची विहीर एकट्या अल्पेशला. ती पूर्वी गोडी होती. पाणी पुरेना म्हणून माझे पती कै. दयाराम यांनी ती आणखी खोल नेली. मी म्हटलं, "अवो, खाली दर्या हाय." ते म्हणाले, "तुला काय कलतं?" चिकणमातीचा थर फुटला, खारं पाणी वर आलं आणि पोफळी उभ्या सुकल्या. त्या माणसावर माझा फार जीव होता. राग मात्र अजून गेलेला नाही, तोही विहिरीबरोबर अल्पेशकडे जाईल.

३. बँकेत असेल ते दर उन्हाळ्यात तळ्याचा गाळ उपसायला वापरावं. माझ्या तेराव्याला जिलेबी नको.

४. तळ्याला लागून पूर्वेचा तुकडा. पाऊस कमी झाला की तळं होळीलाच आटतं आणि आळीत घरं तर वाढतच चालली आहेत. तळं वाढवायचं तर आडवं, खोल नाही, हे विहिरीने शिकवलं. अल्पेशला तो तुकडा बंगलेवाल्याला विकायचा आहे. तळ्याचं काढलं की म्हणतो, "आये, तू गेल्यावर बघू." मला फार लागलं ते. नातवंडं हंडे घेऊन टँकरमागे धावतील, या धास्तीने माझा डोळा लागत नाही.

सबब सदर तुकडा मी अल्पेशलाच देते.

खुलासा : गेल्या आठवड्यात अल्पेश सासुरवाडीला असताना मी जेसीबी बोलावून सदर तुकडा खणून तळ्यात घेतला. खोली जुन्या तळ्याइतकीच ठेवली आहे. पावसाळ्यानंतर बंगलेवाल्याला खुशाल दाखवावा.

५. माझ्या सोन्याच्या पाटल्या कल्पिताला. नवऱ्याला माहेरी अडकवून ठेवण्याचं काम तिने चोख केलं.

ठिकाण : थळ. दिनांक : १२ मे २०२५.

सही : मनुबाई दयाराम घरत

साक्षीदार :
शकू नाईक, शेजारीण
मोरू ठाकूर, जेसीबीचालक