सेनापती आणि माझी अर्धी दाढी

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (खरंच साष्टांग घातला तर उठवायला माणूस लागतो, म्हणून तो कागदावरच गोड मानून घे.) तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "ठणठणीत" असंच लिहिणार. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन तू पुन्हा पुढे ढकललंस आणि डॉक्टरांना "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणालास, हे वहिनीने फोनवर सांगितलं. त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. मी लहान आहे. आज फक्त माझी फजिती कळवतो.

आमच्या काव्यमंडळाने स्पर्धा ठेवली होती. एकाच कवितेत युद्ध, मृत्यू आणि दैवी शक्ती हे तिन्ही हवं, आणि शेवटी नायक मेलाच पाहिजे, ही अध्यक्षांची अट. (अध्यक्ष निवृत्त विमा एजंट. जन्मभर लोकांना मरणाची आठवण करून देत आले, सवय सुटत नाही.) आता युद्ध म्हणजे मी काय पाहिलंय? खालच्या मजल्यावर गाडी लावण्यावरून होतं तेवढंच. तरी पाणीखात्यात तक्रारींच्या टेबलावर बसून मी रणांगण उभं केलं आणि त्यात नायक म्हणून एक सेनापती घातला. तुझ्या भावजयीने खोट काढली, की तिसऱ्या कडव्यात मेलेला घोडा पाचव्यात पाणी पितोय. मी त्याला पुन्हा मारला. मग देव कसा यावा यावरून आमचं वाजलं. मला तो विजांच्या कडकडाटात हवा होता, तर ही म्हणे, जखमी माणूस झोपलाय, त्याला आवाज न करता येऊ दे.

स्पर्धेच्या दिवशी दाढीसाठी आपल्या जुन्या सलूनवाल्या काकांकडे गेलो. गालाला साबण लागला आणि मी कविता सुरू केली. (फेस तोंडात जात होता, पण वीररस कमी पडू दिला नाही.) सेनापती हुकूम देण्याआधी घसा खाकरतो, रुमालाची चौकोनी घडी करतो, वैद्य आला की "बघू" म्हणतो, इथवर आलो आणि काकांचा वस्तरा थांबला. "हा तर तुमचा दादा. शेवटी काय होतं याचं?" मरतो, म्हणालो. काकांनी वस्तरा पुसला, मिटला, माझा उजवा गाल तसाच ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. "तो जगला की या." खरं सांगतो दादा, तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस यमकं जुळवत मी तुलाच मारायला निघालो होतो. फेस पुसून खुर्चीतून उठलो.

तसाच मंचावर गेलो. कवीने चेहऱ्याच्या एका बाजूला जीवन आणि दुसऱ्या बाजूला मृत्यू धारण केला आहे, असं अध्यक्षांनी सभेला समजावलं. टाळ्या पडल्या. शेवटच्या कडव्याला मात्र माझी जीभ वळेना. मग उभ्या उभ्याच देवाला खाली आणलं, पावलांचाही आवाज न करता. त्याने सेनापतीच्या छातीवर हात ठेवला. सेनापतीने घसा खाकरला आणि मृत्यूला म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू." मृत्यू आल्या वाटेने गेला. वृत्त मोडलं, यमक गेलं, त्याबरोबर बक्षीसही गेलं. ते एका दंतवैद्याला मिळालं, त्याच्या कवितेत झाडून सगळे मेले.

बाकी घरी मजेत. वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. "पुढच्या आठवड्यात बघू" हे मृत्यूला म्हणायचं असतं रे, डॉक्टरांना नाही. वहिनीने मंगळवारची तारीख घेतली आहे. जा. मला फार भीती वाटते.

आणखी एक ता. क. सेनापती वाचला हे सांगायला काकांकडे गेलो होतो. "कवितेतला वाचला. खऱ्याचं काय ते कळवा, मग बसा खुर्चीत," म्हणाले. हल्ली कचेरीत लोक माझं तोंड बघून तक्रारच विसरतात. घरात वस्तरा आहे, पण उजव्या गालाला लावायचा धीर होत नाही. तेव्हा शुद्धीवर आलास की पहिला फोन काकांना कर. माझ्या सांगण्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत.