जोडमडकं

११ सप्टेंबर १९९४, बोरखळ

नेवाशाहून आलेल्या एसटीतून उतरले, तर कंडक्टरनंच माझी ट्रंक खाली दिली आणि नव्या नर्सबाई का, असं विचारलं. गावाला माझी खबर माझ्याआधी पोचलेली. ही कितवी बदली हे मोजणं मी कधीच सोडून दिलंय.

घर मात्र मनासारखं मिळालं. दोन खोल्या, पुढे ओटा, स्वयंपाकघरात शेणानं सारवलेली जमीन. घरमालकीण छबूबाई शेजारीच राहतात. हातपाय धुवेपर्यंत त्यांची भाकरी आणि वांग्याचं भरीत आलंसुद्धा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, खाली दीपाचा. ती पुण्याला आजीकडे आहे, पहिलीत. दिवाळीत येईल आणि मग इथंच राहील, इथल्याच शाळेत जाईल. पोरीला असं दुसऱ्याच्या दारात ठेवून मला आता पुरे झालं आहे.

पाय भरून आलेत. आयुष्य वाड्यावस्त्या तुडवण्यात गेलं. आता इथून मला कुणी हलवू नये, एवढंच मागणं.

१८ सप्टेंबर

गावात चक्क इतिहासप्रेमी मंडळ आहे. अध्यक्ष राधाकृष्ण सर, निवृत्त शिक्षक. सेक्रेटरी गहिनीनाथ, ज्यांचं पेंडीचं दुकान आहे. दर रविवारी ही मंडळी खुरपी, दात घासायचे जुने ब्रश आणि गोणपाटं घेऊन पांढरीवर जातात. पांढरी म्हणजे नदीकाठची टेकाडासारखी जागा, जुनं गाव तिच्या पोटात आहे. सरांनी आग्रह केला म्हणून गेले. खोदकाम थोडं, चहा जास्त आणि वाद सगळ्यांत जास्त. मंडळाला स्वतःची खोली नाही. त्यामुळे सापडलेली खापरं, मणी सगळं सभासदांच्या घरी पाळीपाळीनं राहतं. माझीही पाळी येणार म्हणे. बसायला सावली आणि बोलायला माणसं मिळाली, मला तेवढं पुष्कळ.

२ ऑक्टोबर

सुरतेच्या प्लेगच्या धास्तीनं आठवडाभर घरोघरी फिरले. पायांचं पिठलं झालं आहे. तरी आज पांढरीवर गेले, आणि गेले ते बरं झालं.

एक जोडमडकं निघालं. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. एकात माती आणि काडीसारखी हाडं. जबड्यातले दुधाचे दात मीच ओळखले. सर म्हणाले, तीन हजार वर्षांपूर्वी इकडे मेलेलं मूल असं दोन मडक्यांत मिटून घरातल्या जमिनीखालीच पुरत. घरातलं घरात राहावं म्हणून.

मग भांडण सुरू झालं. सरांना ते संगमनेरच्या प्रदर्शनात न्यायचं होतं. गहिनीनाथांचं म्हणणं, खड्डा माझा. सरकारात कळवायला हवं हे दोघांनाही माहीत होतं, पण दोघेही नंतर बघू म्हणाले. शेवटी वाटणी झाली, एकेकाला एकेक मडकं. गहिनीनाथांच्या बायकोनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मग हाडांचं मडकं माझ्याकडे आलं. बाईंना पोरांची सवय आहे, असं ते म्हणाले आणि मी हसले.

येताना पाय चालेनात म्हणून बांधावर बसले. मडकं मांडीवर होतं. लसीला आणलेल्या बाळाशी बोलते तसं सवयीनं बोलून गेले, चल बाळा घरी, आता आपल्याला कुठं जायचं नाही.

९ ऑक्टोबर

त्याच खड्ड्यात खाली एक बाई निघाली. नुसता सांगाडा. मडकी होती तिथंच तिचा कोपर. पाय घोट्यापासून नाहीत. सर म्हणाले, मोठ्या माणसाला पाय तोडून पुरत, मेलेल्यानं उठून जाऊ नये म्हणून. कुणाला सोडून जाऊ नये, ते मी विचारलं नाही. समोर दिसतच होतं. दिवसभर मला वाईट वाटत राहिलं.

छबूबाईंनी आज मडकं पाहिलं. म्हणाल्या, "बाई, पांढरीतलं कुनी घरात आनतं व्हय? निदान तोंड तरी झाका त्याचं." स्टीलचं ताट झाकलं. ताट रोज सकाळी जमिनीवर पडलेलं असतं. मांजर असणार.

१३ ऑक्टोबर

दोन्ही घोट्यांवर लाल रेघ उमटली आहे. मोज्याचं इलॅस्टिक रुतल्यासारखी, पण मी मोजे घालत नाही. पावलं बधिर आहेत. साखर तपासली, ठीक आहे. उपकेंद्रावरून घरी येताना मात्र पाय झपझप चालतात.

१६ ऑक्टोबर

सरांचं मडकं टेम्पोत फुटलं. चुरा झाला. गहिनीनाथ आणि सर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मंडळ मोडल्यात जमा. मी म्हटलं, निदान माझ्याकडचं तरी होतं तिथं ठेवून येऊ. पांढरीवर गेले, तर पांढरीच नाही. जमीनमालक सूर्यभाननं पांढरी माती ट्रॉल्यांनी उचलून खत म्हणून उसात टाकली आहे. त्या बाईची हाडंही तिच्यातच गेली.

मडकं घेऊन परत आले. दुसरं काय करणार? त्याला आता जोड नाही, जागा नाही आणि आईही नाही.

२० ऑक्टोबर

मडकं काल परसात, लिंबाखाली ठेवलं. सकाळी चुलीजवळ होतं. सारवलेल्या जमिनीवर दारापासून चुलीपर्यंत इवल्या तळहातांचे ठसे. गुडघ्यांचेही. रांगत आलेल्या मुलाचे.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. गावोगाव लोकांची समजूत काढली आहे मी. आज माझी काढायला कुणी नाही.

२४ ऑक्टोबर

भर दुपारी स्वयंपाकघरातून हाक आली. आई.

दीपाचा आवाज.

भिंतीवर तिचा फोटो नव्हता. मडक्यात सापडला, हाडांवर उपडा — काढायला हात घातला तर बोटं धरली. मऊ होती ती पकड. नुकत्या जन्मलेल्या बाळाची असते तशी.

आता कळलं. त्याला आई मिळाली आहे, आता दीपाची जागा हवी आहे. दीपानं इथं यायचं नाही. काही झालं तरी नाही.

२७ ऑक्टोबर

उंबरा ओलांडता येत नाही. छबूबाईंनी माणसं बोलावली, मला जीपमध्ये घालून नगरला नेणार होते. ओट्यापर्यंत आणलं आणि घोट्यांवरची रेघ उकलली. रक्त थांबेना. आत आणून ठेवलं, थांबलं. माणसं निघून गेली.

छबूबाईंना पुण्याचा नंबर दिला. सांगा, दीपाला पाठवू नका. कारण काहीही सांगा.

३० ऑक्टोबर

छबूबाई फोन करून आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "बाई लई आजारी हाय, पोरीला घिऊन लगोलग या, असं सांगितलं म्या. तुमी काय, तापात कायबी बोलता. लेकराला बगून बरं वाटंल."

त्यांच्यावर ओरडायचंही त्राण नाही. त्यांनी मायेनंच केलं — माझ्यावर माया करणारं दुसरं आहे कोण इथं?

परवाच्या एसटीनं येतील.

१ नोव्हेंबर

दाराला आतून कडी लावली आहे. पुरी लागत नाही. जरा ढकललं तर उघडेल, आणि दीपा ढकलेल. मडकं मांडीवर. ठेवलं नव्हतं मी.

घोटे ओले.

एसटी आली —

ओट्यावर चप्पल वाजते आहे. आई, मी आले, म्हणते आहे.

आतूनही तेच. आई, मी आले. मांडीवरून. दोन्ही आवाज एकच —

ज्या हाकेला मी ओ देईन ती आत राहील. हे मला कुणी सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. दीपाला ओ दिली तर ती दार ढकलेल.

दीपा रडते आहे. आई, ओ दे ना. किती दिवसांनी —

माझं लेकरू.

मडक्याकडे बघून म्हटलं, ओ बाळा. मोठ्यानं म्हटलं, बाहेर ऐकू जाईल असं. आहे रे मी, इथंच आहे, मला दुसरं कुणी नाही.

बाहेरचं रडणं थांबलं. तिनं ऐकलं.

छबूबाईंना आतूनच सांगितलं, त्या पोरीला न्या, मी ओळखत नाही. आजी काहीतरी बोलली. मग चप्पल — ओट्यावरून खाली — लांब —

गेली. तिचे पाय तिला घेऊन गेले.

इकडे रेघ उकलते आहे पुन्हा. घरातच आहे तरी. दुखत नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाय हलके —